थेम्सकाठ की केनेट-एव्हन कालवा? रेडिंगहून चालायला निघणाऱ्यांसाठी

रेडिंगच्या पूर्वेला केनेट नदी थेम्सला मिळते, तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या विटांच्या पुलाला बिलगून एक लाकडी पूल आहे, हॉर्सशू ब्रिज. नाल जडलेल्या घोड्यांना केनेटचं मुख ओलांडता यावं म्हणून तो बांधला. या पुलापाशी दोन टोपाथ एकमेकांना भेटतात. घोड्यांनी काठावरून चालत बोटी ओढायच्या, त्यासाठीच्या या वाटा. एक थेम्सच्या काठानं वर ऑक्सफर्ड आणि लेचलेडकडे, खाली विंडसर आणि लंडनकडे जातो. दुसरा केनेटच्या काठानं पश्चिमेला वळतो, न्यूबरीपुढे कालव्याला लागतो आणि बाथपर्यंत पोचवतो. रेडिंग, स्लाव, ब्रॅकनेल भागात राहणारी मराठी मंडळी उन्हाळा आला की विचारतात, सलग काही दिवस चालायचं तर यांपैकी कुठली वाट धरावी? भारतातून आई-वडील आले असतील तर त्यांना कुठे न्यावं? मी दोन्ही वाटा तुकड्यातुकड्यानं आणि सलगही चाललो आहे, आणि हा निर्णय माझ्यापुरता केलेला आहे. तो तुम्हाला पटेलच असं नाही, पण त्यामागची कारणं सांगतो.

बूट कुठले, रेनकोट कसा, फोनमध्ये नकाशा कोणता, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी थेम्स, कारण देखणेपणात ती पुढे आहे आणि हे मान्य न करणं अन्याय होईल. सनिंगच्या पुलावरून पलीकडे जाऊन सकाळी शिपलेकच्या दिशेनं चालू लागलं की नदीचा रुंद पट्टा, काठावरच्या विलोंच्या पाण्याला टेकलेल्या फांद्या आणि कुरणात चरणाऱ्या गाई, यांच्यात तास कसा जातो कळत नाही. गोरिंगजवळ दोन्ही बाजूंनी टेकड्या नदीवर चालून येतात आणि नदी मधून वाट काढते. हेन्लीच्या खालचा सरळ पट्टा पाहिला की 1839 पासून तिथेच होड्यांच्या शर्यती का होतात ते कुणी सांगावं लागत नाही. आठ वल्ह्यांची लांब होडी जवळून जाते तेव्हा वल्ही एकदम पाण्यात पडल्याचा आवाज आधी येतो, होडी मागून. नदीला आकाश मोठं असतं. कालव्याला ते तसं कधीच मिळत नाही.

शिवाय थेम्सला सरकारी मान्यता आहे. 1996 पासून ती राष्ट्रीय पदयात्रा-मार्ग आहे, उगमापासून लंडनपर्यंत सुमारे 185 मैल, आणि प्रत्येक वळणावर ओकच्या बोंडाचं चिन्ह असलेली पाटी. वाट चुकण्याची भीती जवळजवळ नाही. लॉकजवळ, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारांच्या कप्प्यांजवळ, पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, उन्हाळ्यात चहाही मिळतो, गावं देखणी आहेत. पाहुण्यांना एक दिवस घेऊन जायचं आणि फोटो काढायचे तर हेन्ली ते मार्लो या टप्प्याला तोड नाही.

मग अडचण कुठे आहे? ही वाट नदीला सोडून जाते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

याचं कारण मुळातल्या व्यवस्थेत आहे, आणि ते कळल्यावर मला या दोन वाटांकडे वेगळ्या नजरेनं बघता आलं. थेम्सवर बोटी शतकानुशतकं चालत होत्या, पण काठ मात्र शेकडो जमीनदारांचा होता. आधी माणसंच दोर खांद्यावर घेऊन बोटी ओढायची. माणसाला चिखलातून, झुडपातून, कुंपणाखालून कसंही जाता येतं. घोड्याला येत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यांसाठी नीट टोपाथ बांधायला सुरुवात झाली तेव्हा जिथे जमीनदार हो म्हणाला तिथे वाट झाली, जिथे तो अडून बसला किंवा काठ दलदलीचा होता तिथे वाट पलीकडच्या तीरावर गेली. घोडा पलीकडे कसा जाणार? तरीतून, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीतून. अशा कितीतरी घोड्यांच्या तरी नदीवर होत्या. सपाट तळाच्या होडीत घोडा उभा करायचा, पलीकडे न्यायचा, मैलभर पुढे पुन्हा परत आणायचा. लेचलेडपासून पुटनीपर्यंतचा टोपाथ असा या काठावरून त्या काठावर विणत गेलेला होता.

रेल्वे आली, घोडे गेले, मोटारी आल्या आणि तरीच्या होड्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्यासोबत टोपाथचे सांधे निखळले. विसाव्या शतकाच्या अखेरीला यातले काही नव्यानं जोडले गेले. हर्लीजवळ टेंपलचा पादचारी पूल 1989 मध्ये खास चालणाऱ्यांसाठी उभारला, बोर्न एंडला रेल्वेच्या पुलाला लागून पायवाट काढली. शेपर्टनला तरीची होडी अजून आहे, घंटा वाजवली की तरवाला येतो, आणि तिथे पोचल्यावर खरोखर आनंद होतो. पण बाकी ठिकाणी वाट नदीपासून वळवली आहे, आणि नेमकी रेडिंगच्या आसपास ही वळणं दाट आहेत.

पर्लीचं उदाहरण घ्या, कारण रेडिंगहून वर निघालात तर पहिल्याच सकाळी ते तुमच्या वाट्याला येणार. कॅव्हरशॅमपासून टाइलहर्स्टपर्यंत रेल्वे एका हाताला, नदी दुसऱ्या, चाल छान लागलेली असते. मग अचानक वाट पाण्याला पाठ दाखवते. रूळ ओलांडून वर मोठ्या रस्त्यावर चढायचं, गाड्यांच्या कडेनं चालायचं, मग पर्लीच्या वसाहतीत शिरायचं. सारखी घरं, सारख्या गल्ल्या, दारात उभ्या गाड्या, कचऱ्याचे चाकवाले डबे. पाटी आहे, वाट चुकत नाही, पण नदी कुठे आहे याचा मागमूस नाही. इथे पूर्वी घोडे तरीनं पलीकडे जात आणि पुढे पुन्हा इकडे येत. आता तरीची होडी नाही, म्हणून माणसानं वसाहतीला वळसा घालायचा. मेपलडरहॅमच्या लॉकपाशी नदी पुन्हा भेटते. चालायला हे अंतर फार नाही. पण लय तुटते, आणि एकदा तुटलेली लय परत लागायला बराच वेळ जातो.

पॅंगबोर्नला पोचून जरा नदी मिळाली की व्हाइटचर्चच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि पुन्हा पाणी सोडून चढावर. गोरिंगपुढे मोल्सफर्डला तेच, पुन्हा वाहत्या रस्त्याच्या कडेनं गावातून. उलट दिशेनं लंडनकडे निघालात तर शिपलेकचं लॉक ओलांडल्यावर लोअर शिपलेकच्या गल्ल्या आहेत, मोठमोठ्या बंगल्यांच्या कुंपणांमधून. नदी त्या बंगल्यांच्या मागच्या हिरवळीला लागून वाहते आहे हे तुम्हाला माहीत असतं आणि दिसत काहीच नाही. मोठी नदी आणि तिच्या काठी मोठा पैसा असं जिथे जिथे आहे तिथे चालणाऱ्याला मागच्या दारानं जावं लागतं. विंडसरला तर हे कायद्यानंच झालं. राजवाड्याच्या बाजूचा काठ लोकांसाठी बंद झाला, 1851 मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट नावाचे दोन पूल बांधून झाले आणि रस्ता पलीकडच्या तीरावरून नेला. आजही थेम्सकाठची वाट तशीच डॅचेटवरून वळसा घालून जाते.

मला ही गोष्ट इतकी का खटकावी असं एका मित्रानं विचारलं होतं. दिवसातले दोन-तीन वळसे म्हणजे काय मोठंसं? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. एका दिवसाच्या सहलीत ते जाणवणारही नाहीत. पण चार-पाच दिवस सलग चालणारा माणूस पाण्याच्या भरवशावर चालत असतो. पाणी शेजारी आहे तोवर दिशा ठरवावी लागत नाही, चढ येणार नाही याची खात्री असते, नकाशा खिशात राहतो आणि डोकं मोकळं होतं. टोपाथवर चालायचं ते याचसाठी. ते सुख दर दोन तासांनी काढून घेतलं जात असेल तर मग डोंगरातली एखादी वाट काय वाईट?

आता कालवा.

केनेट-एव्हन हे नाव एक असलं तरी तो तीन तुकड्यांचा प्रवास आहे. रेडिंग ते न्यूबरी म्हणजे केनेट नदीच, तिची वळणं कापून 1723 मध्ये बोटींसाठी खुली केलेली. बाथ ते ब्रिस्टल म्हणजे एव्हन नदी, 1727 मध्ये तशीच खुली झालेली. आणि न्यूबरी ते बाथ हा मधला 57 मैलांचा खरा खणलेला कालवा, ज्याला 1794 मध्ये संसदेची मंजुरी मिळाली आणि जो 1810 मध्ये पूर्ण झाला. अभियंता जॉन रेनी. एकूण 87 मैल आणि 105 लॉक.

मी ज्याच्या बाजूनं बोलतो आहे तो मुख्यतः हा मधला तुकडा. इथे टोपाथ कालव्यासोबतच जन्माला आला. कंपनीनं कायद्यानं जमीन घेतली ती पाण्याच्या पात्रासाठी आणि घोड्याच्या वाटेसाठी एकत्रच. घोड्याशिवाय कालव्याचा उपयोगच नव्हता. रस्त्यावर जो घोडा टन-दोन टन ओढताना घामाघूम होतो तोच कालव्यावर 25–30 टनांची बोट संथपणे ओढत नेऊ शकतो, अट एकच, त्याला पाण्याच्या कडेनं अखंड चालता आलं पाहिजे. म्हणून वाट तुटू द्यायचीच नाही, हे कालवा खणणाऱ्यांचं पहिलं गणित. दोनशे वर्षांनंतर त्याचा फायदा घोड्याऐवजी मला मिळतो आहे.

जमीनदार इथेही अडून बसलेच. सॅव्हरनेकच्या थॉमस ब्रूस या उमरावाला आपल्या जमिनीतून उघडा खंदक नको होता, म्हणून कंपनीनं 502 यार्डांचा बोगदा खणला. विल्कटच्या सुझाना रॉटन यांच्या जमिनीतून कालवा गेला तर त्यांच्यासाठी पात्र रुंद करून तळ्यासारखं केलं आणि वर नक्षीदार पूल बांधला, 1808 मध्ये. त्याला अजून लेडीज ब्रिज म्हणतात. पण या हट्टांची किंमत कंपनीनं मोजली. नदीवर जमीनदाराच्या हट्टानं वाट तुटली, कालव्यावर त्याच हट्टातून एक देखणा पूल मिळाला. हा फरक माझ्या मनात कायमचा बसला आहे.

अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. ब्रूस बोगद्यात टोपाथ नाही. तिथे घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे चालवत नेत आणि बोटीवरची माणसं भिंतीला लावलेली साखळी हातानं ओढत बोट अंधारातून बाहेर काढत. आजही तुम्ही घोड्याच्या त्याच वाटेनं टेकडीवरून जाता. म्हणजे पाणी इथेही सुटतं, पण ज्या कारणानं आणि ज्या वाटेनं ते पूर्वी सुटत होतं त्याच वाटेनं. थोड्याच वेळात ते पुन्हा पायाशी येतं. मला यात फसवणूक वाटत नाही. ॲव्हनक्लिफलाही वाट काठ बदलते, पण जलसेतूच्या खालून जाऊन लगेच दुसऱ्या बाजूला वर येते.

बोगद्याच्या अलीकडे क्रॉफ्टन आहे. कालव्याचा सगळ्यात उंच टप्पा इथून पुढे, आणि उंचावर पाणी टिकवणं ही या कालव्याची जन्मापासूनची डोकेदुखी. खालच्या विल्टन वॉटर तळ्यातून पाणी वर चढवायला इथे वाफेचे पंप बसवले. त्यातलं बोल्टन आणि वॉटचं 1812 मधलं इंजिन अजून जागेवर आहे आणि ठरावीक दिवशी कोळसा टाकून ते चालवतात. लोखंडी तुळई वर-खाली होताना पायाखालची फरशी हलकी थरथरते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पंपांवरच काम केलं. त्यांना तिथे उभं केलं आणि पुढचा तासभर ते हलले नाहीत.

वूटन रिव्हर्सपासून डिव्हाइझेसपर्यंत 15 मैल एकही लॉक नाही. लॉक नाही म्हणजे पातळी एकच, वाट सपाट. प्यूझीचं खोरं दोन्ही बाजूंना पसरलेलं, डावीकडे-उजवीकडे गवताच्या गोल टेकड्या, आणि हनीस्ट्रीटजवळ उतारावर खडू उघडा करून कोरलेला ऑल्टन बार्न्सचा पांढरा घोडा. या टप्प्यात फारसं काही घडत नाही, आणि मला तेच आवडतं. काही जणांना हा पट्टा कंटाळवाणा वाटतो. त्यांना थेम्सच बरी.

डिव्हाइझेसला मात्र सगळं एकदम घडतं. 237 फूट उतरायला दोन मैलांत 29 लॉक, त्यातले 16 केन हिलच्या उतारावर एका रेषेत, प्रत्येकाच्या बाजूला पाणी साठवायचा रुंद हौद. वरून खाली पाहिलं की काळ्या-पांढऱ्या दारांची रांग खोऱ्यात उतरत जाते. बोटीला हा जिना उतरायला पाच-सहा तास लागतात, तुम्ही काठावरून अर्ध्या-पाऊण तासात खाली जाता, पण जाऊ नका. एखाद्या लॉकपाशी थांबा. बोटीवरचा माणूस किल्लीसारखी दांडी दात्याच्या चाकाला लावतो आणि फिरवतो, दाते खटखटत एकेक करून अडतात, खालची झडप उघडते, पाणी उकळल्यासारखं वर येतं. दोन्ही बाजू समान झाल्या की तो दाराच्या लांब तुळईला पाठ लावतो, टाचा जमिनीतल्या उंच विटांच्या रांगेत रोवतो आणि मागे रेलतो. आधी काहीच होत नाही. मग टनावारी वजनाचं ते दार बोटभर हलतं आणि हळूहळू उघडत जातं. आईनं विचारलं, "मी लावू का हात?" बोटीवरच्या आजीबाईंनी तिला शेजारी जागा करून दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दार मात्र दोघींनी मिळून उघडलं. थेम्सची लॉकं मोठी आणि बहुतेक यंत्रानं चालणारी, तिथे लॉककीपर बटण दाबतो, हे मला तिथे मिळालं नाही.

जुन्या विटांच्या पुलांखालून जाताना कमानीचा कोपरा बोटांनी चाचपून पाहा. घोडा पुलाखालून पुढे गेला की दोर कोपऱ्याला घासायचा. ओला दोर, त्यात अडकलेली वाळू, रोज कितीतरी बोटी, वर्षानुवर्षं. दगडात किंवा कोपऱ्याच्या लोखंडी पट्टीत त्यानं बोटभर खोल, गुळगुळीत खाचा पाडल्या आहेत. आमच्या गावच्या विहिरीच्या काठाला रहाटाच्या दोरानं पडलेल्या खाचांसारख्याच त्या दिसतात. सगळ्या पुलांवर नाहीत, शोधाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट मला या कालव्याकडे ओढते. तो मेला होता. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं 1852 मध्ये तो विकत घेतला आणि मग हळूहळू त्याची आबाळ होत गेली. 1950 च्या दशकात मधले लांबच्या लांब पट्टे बोटींसाठी बंद होते, लॉकची दारं कुजलेली, केन हिलच्या हौदांत गवत. कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा 20,000 हून जास्त लोकांनी सह्यांचं निवेदन दिलं. मग लोक फावडी घेऊन उतरले. चिखल उपसणं, विटा बसवणं, निधी जमवणं, यात जवळजवळ चाळीस वर्षं गेली, आणि 8 ऑगस्ट 1990 रोजी राणी एलिझाबेथनं केन हिलवर तो पुन्हा खुला केला. या वाटेवर चालताना ही वाट लोकांनी मागून घेतलेली आहे हे सारखं जाणवतं. थेम्सकाठी मला कुणाच्या तरी मेहेरबानीनं चालतो आहे असं वाटत राहिलं. ही माझी भावना आहे, तिला पुरावा मागू नका.

कालव्याचे दोष लपवत नाही. रेडिंग ते न्यूबरी हा साडेअठरा मैलांचा पहिला तुकडा अर्धा नदी, अर्धा खणलेला, त्यामुळे नदीचे काही दोष त्यालाही आहेत. थीलजवळ एम-फोर मोटरवेचा आवाज बराच वेळ पाठ सोडत नाही, आणि हिवाळ्यातल्या पावसानंतर कुरणातला टोपाथ चिखलाचा असतो. याच तुकड्यात गार्स्टन आणि मंकी मार्श ही विटांऐवजी गवताच्या उतारांची दोन दुर्मीळ लॉकं आहेत, ती पाहायला हौशी लोक मुद्दाम येतात. पण सलग चालणाऱ्याला मी न्यूबरीपासूनच सुरुवात करायला सांगेन. बाथ ते ब्रिस्टलही माझ्या मते सोडून देण्यासारखं.

दुसरा दोष सायकली. थेम्सच्या वरच्या भागात टोपाथ बहुतांश फक्त चालणाऱ्यांचा. कालव्यावर सायकलींना मुभा आहे, आणि डिव्हाइझेस ते बाथ हा तर राष्ट्रीय सायकल-मार्गाचाच भाग. उन्हाळ्यातल्या रविवारी ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ या टप्प्यात मागून घंटी न वाजवता येणारे खूप. लहान मुलं हात सोडून धावणारी असतील तर हा टप्पा शनिवार-रविवारी टाळा. तिसरा, नांगरून ठेवलेल्या बोटी. बाथच्या बाजूला त्या टोकाला टोक लागून उभ्या असतात, त्यांचा लाकडी धूर, जनरेटरची घरघर, छपरावरची सरपणाची आणि सायकलींची अडगळ. मला ते वस्तीचं लक्षण वाटतं आणि बरं वाटतं, पण ज्याला मोकळं पाणी हवं त्याला ते आवडणार नाही.

पुराचं म्हणाल तर थेम्स हिवाळ्यात काठ सोडते आणि मग वाट पाण्याखाली जाते, कधीकधी आठवडेच्या आठवडे. खणलेल्या कालव्याची पातळी सांडव्यांवर राखलेली असते, त्यामुळे न्यूबरीच्या पश्चिमेला चिखल भेटतो, पूर क्वचित. नोव्हेंबर ते मार्च चालायचं असेल तर माझा कौल सरळ कालव्याला आहे.

गाड्यांची सोय दोन्हीकडे चांगली, पण कालव्याची मला जास्त भरवशाची वाटली, कारण रेल्वे कित्येक मैल त्याच्या शेजारूनच धावते. थॅचम, न्यूबरी, किंटबरी, हंगरफर्ड, बेडविन, सगळी स्टेशनं वाटेपासून चार पावलांवर. कुणाचे गुडघे बोलू लागले, पाऊस आला, मूल रडायला लागलं तर पुढच्या स्टेशनावरून परत. प्यूझी ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन एवढा टप्पा मात्र स्टेशनाविना आहे. डिव्हाइझेसला रेल्वे नाही, तिथे बसवर किंवा मुक्कामावर भिस्त ठेवावी लागते, आणि मुक्काम आधी ठरवलेला बरा.

तर कुणी काय निवडावं? एकच दिवस आहे, ऊन आहे, सोबत पाहुणे आहेत आणि इंग्लंडची नदी दाखवायची आहे, तर थेम्सच. हेन्लीला उतरा, मार्लोपर्यंत चाला. लंडनमध्येच राहत असाल तर हॅम्प्टन कोर्ट ते रिचमंड हा टप्पा वर्षभर सुंदर आहे. फक्त टेडिंग्टनच्या खाली नदीला भरती-ओहोटी असते आणि मोठ्या भरतीला रिचमंडकडची वाट पाण्याखाली जाते, म्हणून वेळ पाहून निघा. ज्यांना उगमापासून समुद्राकडे एक मोठी नदी पूर्ण चालल्याचं समाधान हवं आहे त्यांनाही मी अडवणार नाही, त्या समाधानाला कालव्याकडे उत्तर नाही.

पण सलग काही दिवस आहेत, सोबत साठी-सत्तरीचे आई-वडील आहेत किंवा एकट्यानं शांतपणे चालायचं आहे, आणि पाणी डोळ्यांआड होऊ नये एवढीच अपेक्षा आहे, तर कालव्यावर जा. न्यूबरी ते बाथ, पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे केन हिल उतरायला मिळते आणि शेवटचे दोन दिवस ॲव्हनक्लिफ आणि डंडस या दगडी जलसेतूंवरून खोरं ओलांडत बाथमध्ये शिरता येतं. शहरात शिरताना सिडनी गार्डन्समधले 1800 सालचे ओतीव लोखंडाचे छोटे पूल डोक्यावरून जातात.

अजून मन होत नसेल तर आधी एक दिवस चाखून पाहा. सकाळच्या गाडीनं बेडविनला उतरा, पश्चिमेकडे वळा, क्रॉफ्टनचे पंप पाहा (कोणत्या दिवशी चालवतात ते आधी बघून ठेवा), ब्रूस बोगद्यावरची टेकडी ओलांडा, वूटन रिव्हर्सच्या लॉकपाशी डबा खा आणि संध्याकाळपर्यंत प्यूझीला पोचा. स्टेशन कालव्यापासून थोडं आत, गावाच्या दिशेला आहे, आणि तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी आहेत, म्हणून परतीची वेळ निघतानाच लिहून घ्या.